आधी दगड, मंग दार

भोकरदनहून धावड्याकडे जाणाऱ्या काळीपिवळीत ती माझ्या शेजारी बसली होती. पंचविशीतली, पायात जाड काळे बूट. चढावर सवारी घ्यायला गाडी थांबली की ती खाली उतरायची आणि मागच्या चाकाला दगड लावून यायची. दर वेळी मला पाय आखडून घ्यावे लागत. मी वैतागलो होतोच, ड्रायव्हर माझ्याहून जास्त.

"ताई, हँडब्रेक हाय ना."

"असंल की. सवय पडली, दादा."

मग तिनं सांगितलं, ती विमानतळावर कामाला आहे. विमान उभं राहिलं की चाकांना ठोकळे लावायचे, हे तिचं काम. परवा ठोकळे लावायच्या आतच एका विमानाचे ब्रेक गेले.

"दोघं जण जिना ढकलत समोरून येऊन राह्यले होते. विमान पळत न्हाई येत, काका. म्हशीवानी चालत येतं. त्यांना कळलंच न्हाई. मी ठोकळा सारला अन् बाजूला झाले. थांबलं."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. थांबल्यावर." ती हसली. "आमचे आबा टेम्पोत मेंढरं चढवताना वरडायचे, आधी दगड, मंग दार. तेच कानात होतं."

धावड्याच्या अलीकडे ती उतरली आणि शेतातल्या वाटेनं भराभर निघून गेली.

पुढच्या चढावर एका म्हातारीनं हात केला. गाडी थांबवून ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं इकडेतिकडे पाहून एक दगड उचलला, चाकाला लावला आणि मगच म्हातारीसाठी दार उघडलं.