शालूचे पक्षी

आज सकाळी फुलवालीच्या टोपलीतून सुरंगीचा वास आला आणि मी मनाने थेट शिरोड्याला जाऊन पोचले.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी आणि शेजारची शालू, दोघी शाळकरी. वर्षभरात जास्त जातींचे पक्षी कोण बघतं, अशी आमची पैज लागली होती आणि शालू बरीच पुढे होती. त्या सकाळी आम्ही फुललेल्या सुरंगीखाली उभ्या होतो. वर मधमाश्यांची गुणगुण चालली होती. इतक्यात शालूने माझा हात घट्ट धरला.

"धनेश! पंखांचो आवाज आयक."

समोरच्या वडावर तो उतरला. "चोच बघ गो केवढी ती, हळदीसारखी!" मी ओरडले. शालू मान वर करून हसत होती, पण भलत्याच झाडाकडे बघून.

"तुका दिसना नाय?" मी हळूच विचारलं.

"लांबचा सगळा धुक्यासारखा दिसता. आवाज मात्र वळखतंय," ती म्हणाली. "पैज तूच जिंकलंस."

"आयकलेलो पक्षी पण पैजेत धरूचो," मी म्हटलं. तेव्हा मला तिची दया आली होती. आज हेवा वाटतो. रानातला एकेक आवाज तिच्या ओळखीचा होता.

घरी येऊन मी तिच्या आईला सगळं सांगितलं. मे महिन्यात तिचे वडील तिला मुंबईला घेऊन गेले. चष्मा लावून परतली, तेव्हा अंगणातल्या माडावर एक कावळा बसला होता. शालू कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"कावळो इतको देखणो आसता," ती म्हणाली, "माका आधी कोणीच कसा सांगूक नाय?"