जावयाच्या विमानाले मारलेला रंधा

आमच्या घरातलं पहिलं विमान मी बनवलं नाही. मी फक्त ते दुरुस्त केलं. दुरुस्तीच्या आधी ते चांगलं होतं असं लोक म्हणतात, पण लोकायले बोलाले काय लागते.

मी बैलगाड्या बनवणारा सुतार. अमरावतीत परतवाड्याच्या रस्त्याले माझं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत, तीबी अर्धी. पण मोर्शीपासून नांदगाव खंडेश्वरापर्यंत चाळीस वर्षं माझ्या गाड्या चालल्या, अन् एकाही गाडीचं चाक वाटेत निघालं नाही. (एक निघालं होतं. पण तो बैलाचा दोष.)

सुनीच्या, म्हणजे माझ्या पोरीच्या लग्नात मी माझ्या हातानं सागाचा पलंग केला. खराद करून गोल केलेले पाय, वरून पॉलिश. चार माणसं त्याच्यावर नाचली असती तरी कुरकुरला नसता. तो पलंग अकोल्याले जावयाच्या घरी गेला. सहा महिन्यानं मी भेटीले गेलो तर पलंग मले ठेंगणा दिसला. वाकून पाह्यलं. चारही पाय वीतभर कापलेले, अन् तेबी वाकडे!

"नितीनराव, पायाले काय झालं?"

जावई चष्मा पुसत म्हणाला, "कापले, बाबा. जरा उंच होता."

जरा उंच! मी त्या दिवशी त्यायच्या घरचा चहा अर्धा टाकला. तेव्हापासून सात वर्षं मी त्या घरी चहा अर्धाच टाकत आलो. जावयाले उलटं बोलता येत नाही, म्हणून राग पोटात ठेवला, अन् पोटात ठेवलेला राग लोणच्यासारखा असते, मुरत जाते.

यंदा धोंड्याचा महिना आला. हा तीन वर्षांतून एकदा येते. लेक-जावयाले बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे वाढायचे. जावई म्हणजे त्या दिवसापुरता देव. देव आले ते मांडीवर विमान घेऊन.

डबल पंखाचं विमान. वर एक पंख, खाली एक, मधात काड्या अन् दोऱ्या. पिवळाधम्मक रंग. हातातल्या रिमोटवर उडणारं.

"डब्यात सुटे भाग आले होते, बाबा," नितीनराव बँकेत आहेत, बोलणं एकदम हळू. "नकाशा पाहून जोडलं. पाच महिने लागले."

"पाच महिने मी खाली बसून जेवली," सुनी म्हणाली. "टेबलावर हे होतं."

मी डब्यावरचं चित्र पाह्यलं. म्हणजे लाकूड कापलेलं आलं, भोकं पाडलेली आली. मग यानं केलं काय? चिकटवलं. चिकटवाले पाच महिने! तेवढ्यात मी सात गाड्या करून वरून एक चहा पूर्ण पिलो असतो.

मग जावयानं विमान खाली ठेवलं. नुसतं नाही ठेवलं, त्याच्याखाली चार लाकडी ठोकळे लावले. वीत-वीतभराचे. सागाचे. खराद माझी, पॉलिश माझं.

"हे स्टँड मस्त झालं, बाबा," तो म्हणाला. "लाकूड वजनदार आहे. हालत नाही."

मी तांब्या उचलला अन् जावयाचे पाय धुतले. जरा जोरात धुतले.

जेवताना त्यानं काम सांगितलं. "येत्या रविवारी अकोल्याच्या बाहेर मैदानावर पहिल्यांदा उडवाचं आहे. आमची छंदवाली मंडळी येणार. न्यायले-आणायले एक लाकडी पेटी करून देता काय, बाबा? मापासाठी विमान इथंच ठेवून जातो. रविवारी तुमीच घेऊन या."

पेटी. ज्यानं जिल्ह्याले गाड्या पुरवल्या त्याले पेटी सांगितली. बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याकडं असं पाह्यलं की मी म्हटलं, "करतो."

जावई गेल्यावर ती म्हणाली, "अवो, पेटी म्हणजे पेटीच करा. दुसरं काई करू नका."

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं मले "करू नका" म्हटलेली एकही गोष्ट मी सोडली नाही. तिले हे समजाले पाहिजे होतं. दोष तिचाबी आहे.

पेटी दोन दिवसांत झाली. एकही खिळा नाही, कोपरे एकमेकांत गुंतवलेले, आतून जुन्या गादीचा कापूस. मग मी विमानाकडं पाह्यलं, अन् माझी नजर गेली ती गेलीच. खालचा पंख दोन्ही टोकांकडून बोटभर वर उचललेला. गुण्या लावून काटकोन पाह्यला, तरी तेच. पुढची मोटर, जिच्यावर पंखा फिरते, ती खाली झुकलेली अन् उजवीकडं तोंड केलेली. पाच महिने बसून माणसानं असं वाकडं काम केलं. अन् हा माणूस माझ्या पलंगाले आरी लावते!

शेजारी सलीमभाईचं वेल्डिंगचं दुकान आहे. तो हात पुसत आला.

"मिस्त्री, पेटी बनी क्या?"

"पेटी झाली. आता विमान दुरुस्त करतो."

"बिगडा है?"

"वाकडं हाय."

सलीमभाई विमानाभोवती एक चक्कर मारून आला. "सब ठीक है. बैल किधर से जोतोगे?"

मी ध्यान देलं नाही. खालच्या पंखाचा मधला जोड उकलला, रंधा मारला, अन् पंख पाटासारखा सरळ करून चिकटवला. मोटर नाकासमोर केली. लाकूड तर असं की शेवगा बरा, नख रुतत होतं. शेपटीखाली वाटाण्याएवढं चाक होतं ते काढलं अन् बाभळीचा दणकट तुकडा बसवून त्याले नवं चाक लावलं. बाभूळ म्हणजे लोखंडाचा भाऊ. गाडी रस्त्यावर मोडते ती नेहमी खालून मोडते, हे त्या डब्यावाल्यायले कोण सांगीन?

शेवटी नाकात एक शिशाचा गोळा सापडला. आतून चिकटवलेला.

"ये मत निकालो, मिस्त्री," सलीमभाई म्हणाला. "किसीने कुछ सोचके रखा होगा."

"सोचके काय? तराजूखाली लबाड माणूस वजन चिकटवते, तसं हाय हे. तू तुह्यं लोखंड पाह्य."

छन्नीनं गोळा काढला अन् अंगातल्या बंडीच्या खिशात टाकला. विमानाच्या पोटात कचरा कशाले पाहिजे.

खरं सांगतो, त्या तीन दिवसांत मले सात वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. त्यानं माझ्या पलंगाचे पाय कापले, मी त्याचे पंख सरळ केले. फिट्टमफाट. अन् मनात एकच होतं. दहा लोकांसमोर जावयानं एकदा म्हणावं, "बाबा, हात आहे तुमचा." बस, एवढंच. सात वर्षांत त्यानं माझ्या कामाबद्दल "जरा उंच" सोडून दुसरा शब्द काढला नव्हता.

रविवारी सकाळी पेटी मांडीवर घेऊन यष्टीत बसलो. कंडक्टर आला.

"काका, पेटीत काय?"

"विमान."

"मंग यष्टीनं काहून चालले?"

अख्खी गाडी हासली. बडनेऱ्यापर्यंत हासत होती. मी खिडकीतून बाहेर पाहत राग गिळला. दिवसाची सुरुवातच अशी.

मैदान म्हणजे अकोल्याबाहेरचं पडीत वावर. मधात रोलर फिरवून पट्टा केलेला, अन् दोन्ही बाजूनं काळी जमीन उन्हानं अशी भेगाळलेली की हात आत जावा. डोक्याले दुपट्टे बांधून आठ-दहा माणसं उभी होती. सुनी छत्रीखाली.

नितीनरावानं पेटी उघडली अन् आत वाकून पाह्यलं. मग विमान उचललं, तर हात खाली गेला.

"बाबा... पंख?"

"सरळ केले. वाकडे होते."

"अन् मोटर?"

"तेबी."

त्यानं वरच्या पंखाखाली दोन बोटं लावून विमान तोललं. शेपूट धपकन खाली. त्याचं तोंड कडू काकडी चावल्यासारखं झालं. पण आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मीबी बोललो असतो.

"आज वारा जास्त आहे," तो म्हणाला. "राहू द्या."

निंबाचं पान हालत नव्हतं. माझं डोकं तापलं.

"नितीनराव, वारा कुठं हाय? सासऱ्याच्या हातचं काम उडवाले भेता काय?"

"बाबा, चूप बसा नं," सुनी म्हणाली.

आठ-दहा दुपट्टे माझ्याकडं वळले. नितीनरावानं आभाळाकडं पाह्यलं, मग माझ्याकडं, मग त्याच्या पाच महिन्यांकडं. "उडवतो," तो म्हणाला.

विमान पट्ट्यावरून धावलं. भरल्या गाडीसारखं धावलं, अन् पट्टा सरता सरता जमीन सोडली. मी छाती काढून चारी बाजूले पाह्यलं. पाहून झालं, मान वर केली, तर विमानाचं नाक वर गेलेलं. अजून वर. अजून वर. मागच्या दोन पायावर उभं राहिलेल्या घोड्यासारखं ते आभाळात उभं.

आता हे मी आयुष्यभर पाह्यलं आहे. गाडीत मागं बोजा झाला की पुढचं टोक आभाळाले जाते अन् बैल लटकतात. त्याले म्हणतात उलाळ होणं. त्याच्यावर एकच इलाज असते, बसलेल्या माणसायले पुढं सरकवाचं. माझ्या तोंडातून ते निघून गेलं. दोन्ही हात हालवून मी ओरडलो,

"उलाळ झाली! पुढं सरका! अबे पुढं सरका!"

आत सरकाले कोणी नव्हतं, हे मले मागून सुचलं.

विमान एका अंगावर कललं, उलटं झालं अन् नाकावर खाली आलं. आलं ते नेमकं भेगेत. पंख भुईवर मोडले, वर उभी राहिली फक्त शेपटी, अन् तिच्याखाली माझा बाभळीचा तुकडा.

"बाभळीले काई झालं नाई," मी म्हटलं.

नितीनराव भेगेकडं चालाले लागला.

मोटर काढाले सब्बल आणावी लागली. ते खोदून राहिले होते, तेव्हा मी तंबाखूसाठी खिशात हात घातला अन् हातात शिशाचा गोळा आला. नितीनरावानं पाह्यलं.

"हे नाकात होतं, बाबा?"

"हो."

"शेपूट जड होऊ नये म्हणून लावलं होतं."

एवढंच बोलला अन् पुन्हा खोदाले लागला. अन् मी? नवी गाडी जरा उलाळ निघाली की मी स्वतः पुढच्या टोकाले दगड बांधून द्यायचो. चाळीस वर्षं! दगड असता तर ओळखला असता. शिसं होतं म्हणून फसलो.

जावयाच्या घरी आलो तर बसाले दुसरं काही नव्हतं, म्हणून पलंगावर बसलो. पाय जमिनीले टेकले. गुडघ्यातली कळ थांबली. सुनीनं चहा आणला अन् समोर उभी राहिली.

"आज पूर्ण प्या, बाबा. त्या पायाचा राग त्यायच्यावर धरू नका. पाय मीच कापाले लावले."

"तू?"

"तुमी पलंग गाडीच्या उंचीचा केला होता. चढाले मले पाट लागे. एकदा पडली बी."

मले आठवलं. पलंगाचं माप घेताना मी कंबर लावली होती, गाडीले लावतो तशी.

"मंग त्यायनं काहून नाई सांगतलं?"

"ते म्हणे, बाबा माह्यावर रागावले तर चालते. तुह्यावर रागावले तर त्यायले जेवन नाई जाणार."

मी चहा पूर्ण पिलो. गोड जास्त होता, पण बोललो नाही.

तेवढ्यात नितीनराव आतून आला. विमानाचे तुकडे, दोऱ्या, माती लागलेली मोटर, सगळं त्यानं पेटीत एक एक करून ठेवलं. झाकण लावलं. झाकण हवा निघाल्यासारखं हळूच बसलं. त्यानं पेटीवरून हात फिरवला.

"बाबा, पेटी मात्र एकदम मापात झाली. हात आहे तुमचा."

सात वर्षं मी ज्या शब्दांची वाट पाह्यली ते हेच. अन् ते मले कशावर मिळाले, तर त्याच्या विमानाच्या तिरडीवर. मले असा राग आला म्हणता! पण काढावा कोणावर? जावयावर काढाले जागा नव्हती, पोरीवर नव्हती, बैल तर नव्हतेच. उरलो मी एकटा.

नितीनरावानं दुसरा डबा मागवला आहे. यावेळी विमान त्यानं अमरावतीले आणलं नाही. एक कागद धाडला, त्याच्यावर लांबी, रुंदी, उंची. मी फोन लावला. "नितीनराव, नुसत्या मापावर काय होते? विमान धाडा, पाहून करतो."

"नाजूक आहे, बाबा. प्रवासात हालते."

मागून सुनीचा आवाज आला, "बाबा, पेटी म्हणजे पेटीच!"

मी ऐकलं. विमानाचा विचारसुद्धा केला नाही. नवी पेटी कागदाबरहुकूम केली, एक रेघ इकडं-तिकडं नाही. फक्त अकोल्याचं घर तळमजल्याले आहे, ओल लागू नये म्हणून खाली सागाचे चार पाय लावले. खराद केलेले. यष्टीनं धाडली, अन् तिसऱ्या दिवशी सुनीचा फोन आला. रामराम नाही, काही नाही.

"बाबा, किती कापू?"

"एक वीत," मी म्हटलं.