बाय गो, हात लावू?

"बाय गो, हात लावू?"

मातीच्या गोळ्याला असं विचारणारं माणूस तुम्ही पाहिलंय? आमच्या लालबागच्या चाळीतली काकी विचारायची. हात ओले करायची, वाकायची, विचारायची आणि खरंच क्षणभर थांबायची. मी हसले की म्हणायची, "तुला कुणी न विचारता हात लावला तर चालेल काय?"

गणपतीच्या कारखान्यात तिचा जन्म गेला. नवरात्राआधी देव्या घडवायची. हंगाम संपला की घरी बायका घडवायची. परळच्या इस्पितळात स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी थांबलेल्या बायका तिच्याकडे यायच्या, पदर बाजूला करून स्टुलावर बसायच्या. संध्याकाळपर्यंत शाडूची वीतभर बाई तयार व्हायची, जशी आहे तशी.

ती मूर्ती मात्र ठेवायची नाही. "मूर्ती झाली की विसर्जन. शोपीस आहे काय ती?" फोटो काढून आपल्या पेजवर टाकायची आणि मूर्ती पाण्याच्या बादलीत सोडायची. त्याच मातीतून पुढची बाई. फोन भरला की फोटोही पुसायची. "तिथे आहेत ना सगळ्या!"

तिथून एकेक फोटो उडू लागला. कारण इंग्रजीत यायचं, मी वाचून दाखवायचे: नग्नता. काकी खाली मराठीत लिहायची, "अरे बाबा, माती आहे ती." मी म्हटलं, छातीवर फुलं ठेवूया. ती भडकलीच. "साडी नेसवायच्या आधी देवीला आम्ही बघतोच ना? आम्हाला कधी पाप लागलं? आणि हिची उद्या कापणार, ती मी आज झाकू?"

एकाच फोटोला कुणी हात लावला नव्हता. त्यातल्या बाईचं ऑपरेशन आधीच झालं होतं, दोन्ही बाजू सपाट. कापलेली बाई त्यांना चालत होती. मला अजून संताप येतो.

मग एका सकाळी पेजच गेलं, सगळ्या बायकांसकट. भांडायला समोर माणूसही नाही.

त्यानंतर कॉटन ग्रीनची एक पुन्हा आली, ऑपरेशन होऊन. पदर घट्ट लपेटलेला. "काकी, माझा फोटो दाखवा ना. आधीचा."

काकीने सगळं सांगितलं आणि बादली पुढे ओढली. "माती तीच आहे गो. बस. हाताला आठवेल."

मातीला विचारलं, थांबली, घडवू लागली. गळा जमला, खांदे जमले. छातीशी आली आणि बोटं नुसती फिरत राहिली. कितीतरी जणी त्या मातीतून गेल्या होत्या. शेवटी तिने हात मांडीवर ठेवले.

"नाय आठवत गो. माफ कर."

ती बाई बराच वेळ त्या अर्ध्या मूर्तीकडे बघत होती. मग म्हणाली, "मलापण नाही आठवत."

काकी पुन्हा मातीला बसली नाही. शिमग्यानंतर गेलीच. बादली माझ्याकडे आहे. परवा माती कडेने सुकायला लागलेली दिसली. मी पाणी आणलं, हात ओले केले, वाकून विचारलं आणि थांबले.

अजून हात लावलेला नाही.