डॉगवुडच्या कळ्या

"घाई नको, मुळं धरतायत," असं म्हणून काका मातीने भरलेली कात्री कार्डिगनला पुसायचे. कार्डिगन काकूंनी हाताने विणलेलं, त्यामुळे आत स्वयंपाकघरात काकूंचा जीव वरखाली व्हायचा. प्रश्न काहीही असो, काकांचं उत्तर ठरलेलं. इंडियातून नवा आलेला ज्युनियर डॉक्टर थंडीला वैतागून परत जायची भाषा करायला लागला, तरी त्याला चहा देऊन तेच सांगायचे.

लेस्टरला ते आमचे अगदी लागून शेजारी. हाडांचे डॉक्टर, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. हाड बसवायचं आणि ते जुळून येईपर्यंत थांबायचं, यात उभी हयात गेलेली. मग झाडांपाशी थांबणं त्यांना काय जड जाणार? इथली बॅक गार्डन तुम्हालाही ठाऊक आहेत, चार ढांगा टाकल्या की कुंपण. पण तेवढ्यात त्यांनी गुलाब, मेथी, रुबार्ब असं सगळं कोंबलं होतं.

त्यांच्या पलीकडच्या घरात डोरीन राहायची. तिचा नवरा लेन गेला आणि त्याच हिवाळ्यात त्याने लावलेलं डॉगवुडचं झाड वादळात पडलं. लहानखुरं झाड, पण मे महिन्यात चार चार पाकळ्यांच्या मोठ्या पांढऱ्या फुलांनी असं भरायचं की मी भांडी घासता घासता थांबायची. त्याची एक खालची फांदी जमिनीत रुजली होती. डोरीनच्या मुलाने आईला गवत कापायला नको म्हणून तिच्या बागेत फरशा घालायला काढल्या, तेव्हा तिने ते रोप उपटून कुंपणावरून काकांच्या हातात दिलं. "तुम्ही झाडांशी बोलता, मी ऐकलंय," ती म्हणाली. "याच्याशीही बोला."

काका हरखून गेले. साताऱ्याकडचा माणूस, झाड लावलं की त्याभोवती आळं करायचं, मातीची गोल कड घालायची आणि ते पाण्याने भरायचं, हे हाताला बसलेलं. त्यांनी छान आळं केलं. रोज पाणी घातलं. भुरभुर पावसातसुद्धा एका हातात छत्री आणि दुसऱ्यात वॉटरिंग कॅन घेऊन उभे! मी खिडकीतून हसायची. आमची माती चिकट, पाणी जिरायचं नाव नाही. उन्हाळा संपेपर्यंत रोपाची मुळं कुजली होती.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच की झाड वाढतंय आणि फूल काही येत नाही. दर मे महिन्यात डोरीन कुंपणाला टेकून विचारायची, "एनी लक, डॉक्टर?"

"नेक्स्ट इयर, डोरीन. रूट्स आर सेटलिंग." हे मात्र ते बुटांकडे बघत म्हणायचे.

मग एका नोव्हेंबरात मी कपडे काढायला बाहेर गेले, तर काका स्टुलावर चढलेले. डॉगवुडच्या फुलाच्या कळ्या शरद ऋतूतच धरतात. फांदीच्या टोकाला करड्या बटणासारख्या दिसतात आणि हिवाळाभर तशाच राहतात. काका एक एक कळी कापून खिशात टाकत होते.

"अहो काका, डोकं ठिकाणावर आहे ना? त्या फुलाच्या कळ्या आहेत."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले आणि स्टुलावरून उतरून तिथेच बसले. चेहरा एवढासा झालेला. "डोरीनचं झाड मी मारलं गं. ती रविवारी चर्चला गेल्यावर उपटलं आणि गार्डन सेंटरमधून तेवढंच दुसरं आणून लावलं. लेबलवरचं चित्र घरी येऊन पाहिलं. हे गुलाबी आहे. लेनचं पांढरं होतं."

"मग सांगून टाका तिला. खाणार आहे का ती तुम्हाला?"

"काय तोंडाने सांगू? नवऱ्याची शेवटची वस्तू विश्वासाने दिली माझ्याकडे."

"नाहीतर हेही काढा आणि पांढरं लावा."

"एक मारलं, आता दुसरंही मारू?"

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. सांगायचं तर त्यांनी सांगायला हवं होतं. मी डोरीनकडे विषय काढला नाही. दर वर्षी ते कळ्या कापत आणि दर मे महिन्यात डोरीन विचारत राहिली.

नव्वदी ओलांडल्यावर एका ख्रिसमसला डोरीन जिन्यात पडली. हॉस्पिटलातून ती केअर होममध्येच गेली, घरी आलीच नाही. तोवर झाड काकांच्या हातापलीकडे गेलं होतं आणि त्यांचे गुडघे स्टुलावर चढायला नको म्हणत होते. मे महिन्यात शेंड्याची एक फांदी फुलली. गुलाबी.

काकांनी मला बोलावून ती फांदी काढायला लावली. "गाडी काढ," म्हणाले. "आज सांगतो."

डोरीन खुर्चीत बसली होती. काकांनी फांदी तिच्या मांडीवर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: आळं, पाणी, तो रविवार.

"मला माहीत आहे, डक," ती म्हणाली. लेस्टरच्या बायका सगळ्यांनाच डक म्हणतात. "त्या दिवशी मला सर्दी होती, मी चर्चला गेलेच नव्हते. तुम्ही चांगले बूट घालून चिखलात खणत होता. इतके दुःखी दिसलात की मला विचारवेना."

काका खाली बसले.

"मला काय, पांढरं काय आणि गुलाबी काय," ती फुलावरून बोट फिरवत म्हणाली. "सिंकपाशी उभी राहिले की काहीतरी फुललेलं दिसावं एवढंच होतं. पण लेन म्हणायचाच, डॉगवुड वाट बघायला लावतं. किती वर्षं लावली बघा याने." आणि ती हसली.

काकांचा हात कार्डिगनच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघेनात.

परतताना ते गाडीत एकच वाक्य बोलले. "कळ्यांचं मी सांगितलं नाही." मी गाडी वळवू का म्हणून विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

डोरीन त्याच हिवाळ्यात गेली. पुढच्या मे महिन्यात अख्खं झाड फुललं. घरी येणारे जाणारे "लव्हली ट्री, डॉक्टर" म्हणायचे आणि काका बुटांकडे बघत थँक यू म्हणायचे. बागेकडच्या खिडकीचं ब्लाइंड त्यांनी महिनाभर वर केलं नाही. पुढे ते दोघं मुलाकडे केंब्रिजला गेले, आणि काका तिथेच वारले.

डोरीनच्या घरात आता एक तरुण जोडपं आहे. परवा त्यांनी मला चहाला बोलावलं. कप विसळायला मी सिंकपाशी गेले आणि समोर बघितलं. खाली फरशा, वर कुंपणाची फळी, आणि त्यावरून दिसणारं काकांचं ते झाड. त्या खिडकीतून बघण्यासारखं दुसरं काहीच नाही.