बाजारातल्या नारळाचं गाणं

निवृत्त झाल्यापासून दुपारचा मी धुळ्यातल्या घरी सरकारी वाहिनी लावून बसायचो. सारस पक्षी बघितले, हत्ती बघितले, कुठल्या कुठल्या लेण्यांचे खांब बघितले. कौतुक कशाचंच वाटत नव्हतं. आई गेल्यापासून माझं असंच झालं होतं. जेवण पानात आलं की जेवायचं, टीव्ही समोर आहे तर बघायचा. रडलोही नव्हतो. लोकांना वाटलं, गडी खंबीर आहे. डोंबलाचा खंबीर.

मी वाट बघत होतो ती आमच्या कानबाईच्या माहितीपटाची. श्रावणात एका रविवारी आमच्याकडे नारळाला नथ-डोळे लावून, दागिने घालून देवी बसवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. नारळ घरचा, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला. पाणी लावून तो परत आणायचा. निरोपाचं गाणं म्हणायची आई. ते दुसऱ्या कुणाला येत नाही. मोबाईलवर घेतलेलं आहे, पण त्यात नुसता ढोल. गेल्या वर्षी दुखवट्यामुळे कानबाई बसली नाही. यंदा बसवायची, आणि गाणं म्हणायचं माझ्या बायकोने. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आता सगळी भिस्त त्या माहितीपटावर होती.

आई असताना, ऐन थंडीत, माहितीपटवाली माणसं कॅमेरे घेऊन पिंपळनेरजवळच्या आमच्या गावी आली होती. मी तेव्हा ऑफिसात होतो. आबांनी, म्हणजे वडिलांनी, फोनवर एवढंच सांगितलं, "बठ्ठं झाये. चांगला मानसं व्हतात." बठ्ठं म्हणजे सगळं.

श्रावण तोंडावर आला तेव्हा एकदाचा तो माहितीपट लागला. बायको फोन धरून रेकॉर्ड करायला बसली. आता आमच्याकडेच असलेले आबा पलंगावर होते. नमनाला घडाभर तेल म्हणतात तसं आधी डोंगर, ढग, केळीचे घड, सगळं झालं. मग पांझरा नदीचा काठ आला आणि आई दिसली. हिरवं लुगडं, डोक्यावर पाट, पाटावर नारळ. हत्तींकडे बघितलं तसंच तिच्याकडे बघितलं. नारळाकडे मात्र लक्ष गेलं. तो आमचा नव्हता.

"बाजारमाईन आना व्हता," आबा म्हणाले. "तुनी माय म्हने, श्रावण नही तं कानबाई कशी यी? घरनं नारय काढू नको."

मग आई गायला लागली. बायकोने फोन पुढे केला आणि तसाच खाली घेतला. ते कानबाईचं गाणं नव्हतंच. पाळण्याचं होतं. मला निजवताना म्हणायची ते, नंतर आमच्या पोरांनाही म्हटलेलं.

"बाई नही तं बाईनं गानं कसाले?" आबा म्हणाले. "पाहुना तं रिकामा धाडता येत नहीत. मंग तिनी हाई म्हनं."

त्या गाण्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी बाळाचं नाव घालायची जागा आहे. नातवंडांना म्हणताना ती त्यांची नावं घालायची. इथे कुणाचं घालणार, म्हणून मी ऐकत राहिलो. कडवं संपलं आणि तिने माझं नाव घेतलं. दुसऱ्या कडव्यालाही माझंच. मागून निवेदक गंभीर आवाजात सांगत होता की देवीला तिच्या नावाने आळवत ही माउली निरोप देत आहे.

"आता सोमवारी मी काय म्हणू?" बायकोने विचारलं.

साठीचा माणूस मी, आबांच्या समोर रडलो. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.