क्लाउसकाकांचं वेल्समधलं गाव

लग्न होऊन फ्रँकफर्टला आले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं, जर्मनीत रविवारी सगळं बंद असतं. दुकानं असतात हो; क्लाउसकाकांचं तोंड नाही! दर रविवारी आम्ही चौघं टाउनुसच्या जंगलात चालायला जातो: माझा नवरा निनाद, त्याची वैशालीमावशी, मावशीचे जर्मन यजमान क्लाउसकाका आणि मी. काका विद्यार्थी असताना पाठीवर पिशवी टाकून वेल्सभर पायी हिंडले होते. प्रवास एका उन्हाळ्यात संपला, किस्से अजून चालू आहेत. मी फारशी बोलत नाही. त्यामुळे घरी येताना बुटांवर चिखल आणि माझ्याकडे किस्से, दोन्ही सारखेच साचतात.

* * *

पहिल्या भेटीत काकांनी दार उघडलं आणि हात पसरून म्हणाले, "बोरे दा!"

आईने मावशीसाठी सुकी बोरं दिलीच होती. माणूस भलताच घाईचा दिसतोय, असं मनात म्हणत मी उंबऱ्यातच पर्स उघडली आणि त्यांच्या हातावर मूठभर बोरं ठेवली.

काकांनी एक तोंडात टाकलं. "वेल्समध्ये मी सगळ्यांना असंच 'गुड मॉर्निंग' करायचो. खायला कुणीच काही दिलं नव्हतं!"

तेव्हापासून दर रविवारी "बोरे दा" म्हणतात आणि हात पुढे करतात.

* * *

मावशी त्यांना 'अहो' म्हणते. बाल्कनीतून रोज हाक: "अहो, कचरा!"

परवा शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या आणि काकांना म्हणाल्या, "गुटन मॉर्गन, हेर आहो!" म्हणजे, नमस्कार, श्रीयुत अहो!

निनादला हसू आवरेना. काका गंभीर. "हो, लग्नानंतर नाव बदललं मी."

* * *

वेल्समध्ये म्हणे जो तो गातो. एका गावात काकांनाही आग्रह झाला. त्यांना अख्खं येत होतं एकच गाणं, जर्मन वाढदिवसाचं. तेच त्यांनी डोळे मिटून, अगदी सावकाश म्हटलं.

"डोळे उघडले, तर सगळे टोप्या काढून उभे!"

"मग खरं सांगितलंत की नाही?" मावशीने विचारलं.

"एक आजी रडत होती. काय सांगणार?"

* * *

आता हुकमी किस्सा. वेल्समध्ये काकांना जिथेतिथे एकच पाटी दिसायची: 'ल्लुइबर कहोइदिस'. इतक्या पाट्या म्हणजे मोठं गाव असणार, असं ठरवून ते पाट्यांवरच्या बाणांमागून चालत सुटले. गाव काही येईना. शेवटी भर पावसात एका शेतावर पोचले आणि शेतकऱ्याला विचारलं, "ल्लुइबर कहोइदिस?"

त्याने या भिजलेल्या पोराकडे नीट पाहिलं. खुणेनेच म्हणाला, "आलास की! हेच ते. आत ये."

गरम सूप, कोरडे कपडे, झोपायला जागा. सगळं मिळालं.

हे ऐकून निनादने मोबाइल काढला. "काका, त्याचा अर्थ 'सार्वजनिक पायवाट'! पाटीवर इंग्रजीतही असतं, पब्लिक फुटपाथ!"

"तेव्हा मला इंग्रजी कुठे येत होतं? आणि एका गावाची दोन नावं असतातच," काका म्हणाले. "बॉम्बे, मुंबई! मी जेवलोय तिथे!"

* * *

"तू तर हसूच नकोस," मावशी निनादला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अगं केतकी, पहिल्या वर्षी हा 'रुंडवेग' नावाच्या गावाला निघाला होता."

रुंडवेग म्हणजे गोल फिरून होती तिथेच येणारी वाट.

"दोन तासांनी याचा फोन. 'मावशी, पोचलो रुंडवेगला! इथेही आपल्यासारखंच पार्किंग आहे. गाडीसुद्धा सेम टू सेम!'"

* * *

निनाद तेव्हापासून पेटलाच. काकांकडचा त्या शेतकऱ्याचा जुना फोटो त्याने इंटरनेटवर टाकला. शेतकऱ्याच्या मुलीचंच उत्तर आलं! मेगन तिचं नाव, नोकरीला इथेच जर्मनीत, कोलोनला. तिला रविवारचं आमंत्रण गेलं.

मावशीने जाहीर केलं, "ती 'असं गाव नाही' म्हणाली, तर हा किस्सा माझ्या घरात कायमचा बंद!"

काका हसले. पण त्या रविवारी "बोरे दा" म्हणाले आणि हात पुढे करायला विसरले.

मेगनला आणायला एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनवर मी गेले. वाटेत मी फारशी बोलले नाही; एकच किस्सा सांगितला.

जंगलातल्या कॅफेत कॉफीचा पहिला घोट घेईपर्यंतही निनादला दम निघेना. "मेगन, तुमचं शेत कुठल्या गावात?"

काका खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. बांधलेलीच होती.

मेगनने निनादच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. मग काकांच्या नाडीकडे. मग एकदा माझ्याकडे.

"ल्लुइबर कहोइदिस," ती म्हणाली. "मी तिथलीच."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" टेबलाखालून आवाज आला.

"अहो, पण मॅपवर असं गावच नाहीये!" निनाद ओरडला.

"मॅप कशाला हवा?" मेगनने कॉफीत साखर ढवळली. "कुठलीही पायवाट धरा. तिकडेच जाते."