आसगावच्या खिडकीतलं उजवीकडचं भोक

“ह्या भोकातून मच्छर काय, कोंबडीचं पिल्लू जाईन,” विहीणबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं अशा पाहू लागल्या, जसं ते भोक मीच दातानं पाडलं.

जाळी माझीच होती. पवनीत माझं दुकान आहे; खिडक्यांच्या मच्छरजाळ्या बसवतो, फाटल्या की बदलतो. घर आसगावचे रिटायर्ड बसड्रायव्हर ताराचंदजी यांचं. घराला लागूनच धानाच्या बांध्या, त्यात पाणी, मग मच्छरांना काय कमी! त्यांची मुलगी प्रिया बाळंतपणाला माहेरी आलेली. तिची सासू, म्हणजे ह्या विहीणबाई, नागपूरहून नातू पाहायला आल्या आणि त्यांना बाळाच्या गालावर लाल ठिपके दिसले.

“पुन्हा एक मच्छर घरात दिसला, त मी सुनेले अन् नातवाले घेऊन नागपूरले चालली,” त्यांनी जाहीर केलं.

ताराचंदजींचा चेहरा पार उतरला. त्या पोरावर त्यांचा भारी जीव. नातू झाला त्या दिवसापासून त्यांनी खर्रा सोडला, असं त्यांची बायको शेवंताकाकू गावभर सांगत फिरायच्या. सुपारी, तंबाखू, चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला खर्रा आमच्याकडं सोडणं म्हणजे खायचं काम नाही.

“उंदीर असन जी,” ताराचंदजी पुटपुटले.

मलाही पटलं. फायबरची जाळी म्हणजे प्लास्टिक चढवलेला धागा. फ्रेमच्या खाचेवर ती ताणायची, वरून रबराची दोरी दाबत न्यायची (तिला आम्ही बीडिंग म्हणतो) आणि उरलेली जाळी ब्लेडनं कापायची. उंदराला अशी जाळी म्हणजे कुरमुरे. मी नवी लावून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकूंचा फोन. “भाऊ, पुन्हा!”

माझं डोकं सटकलं. गेलो. तीच खिडकी, तेच भोक. उजवीकडं, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. बाकीच्या खिडक्या शाबूत.

“वांदर असन,” ताराचंदजी आज म्हणाले.

“वांदर काय ब्लेड घेऊन येते का जी?” मी भडकलो. कड अगदी साफ कापलेली होती. तीन बाजू कापून चौथी ठेवलेली, म्हणजे ढकललं की उघडावं, सोडलं की मिटावं. असलं सुबक दार तर मलाही जमत नाही.

ताराचंदजी गुपचूप बाजाराची थैली घेऊन निघून गेले. काकूंनी मला चुलीकडं ओढलं.

“इहीनच कापून राहिली, भाऊ. पोरगी न्यायची हाय ना तिले! बहाना पाह्यजे.”

मला ते शंभर टक्के पटलं. मी तडक दुकानातून स्टीलची जाळी आणली आणि स्क्रूनं आवळली. मग मुद्दाम विहीणबाईंना खिडकीबाहेर, बांधीच्या बाजूला बोलावलं.

“पहा बाई. आता कोणी ब्लेड चालवलं त ब्लेडच तुटन.”

“मले काहून सांगून राहिला?” त्या फणकारल्या आणि खिडकीला नाक लावून जाळी तपासू लागल्या.

तेवढ्यात ताराचंदजी मागच्या दारानं घरात शिरले. गाल टम्म. खोलीचं दार लोटलं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि न पाहताच, उभा जन्म स्टेअरिंगवर काढलेल्या माणसाच्या सवयीनं, मान उजवीकडं वळवून पचकन थुंकले.

अरे बाप्पा! जाड माल जाळीनं परत केला, तो त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. पातळ तेवढा गाळून बाहेर आला, तो विहीणबाईंच्या चष्म्यावर.

सगळे खोलीत धावलो. प्रिया बाळाला घेऊन दारात. “बाबा! तुम्ही त सोडला होता ना?”

“अंगणात थुकलो असतो त तुयी माय पाहती ना व,” ते कसंबसं म्हणाले. काकूंनी कपाळावर हात मारला. माझ्याकडं मात्र त्यांनी पाहिलं नाही.

“सामान बांध, प्रिया,” विहीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या.

ताराचंदजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “नेऊ नका जी पोराले. हे पहा, आतापासून बंद!” त्यांनी खिशातली पन्नी काढली आणि त्वेषानं खिडकीबाहेर फेकली.

पन्नी जाळीवर आपटली आणि परत त्यांच्याच पायाशी येऊन पडली.

मग विहीणबाईंना जे हसू फुटलं, ते काही आवरेना. प्रियाही हसली, आणि बाळ दचकून रडायला लागलं. विहीणबाईंनी वाकून पन्नी उचलली आणि आपल्या पदराच्या गाठीत बांधली.

“राहू दे पोरगी इथंच,” त्या मला म्हणाल्या. “जाळी मजबूत हाय तुमची.”

ती जाळी अजून टिकून आहे. आता मी कुठंही गेलो, की टेप काढायच्या आधी विचारतो, घरात खर्रा कोण खाते, आणि कोणत्या खुर्चीत बसून?